प्रेक्षकांनी दिलेला खो

ज्यांच्या घरात सध्या कुणी पाठीवर पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहून राहिले. जे स्वतः पडून आहेत, त्यांच्यासाठी जास्त. बाकीच्यांनीही वाचा, पण वाचून झाल्यावर मला उपाय कळवू नका. काढे, तेलं, उपास, उलटं झोपणं, सुलटं झोपणं, सगळं मला सांगून झालं आहे. एका बाईनं तर माझ्या नवऱ्याला चर्चच्या पायरीवर गाठून कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं होतं. तो बिचारा घरी येऊन मला विचारतो, "सरोज, करून पाहायचं का?" मी उशी फेकून मारली. तेव्हा तेवढंच करता येत होतं.

मी नागपुरात एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. खाप्याला माहेर. तिथल्या मैदानावर विणकरांच्या पोरींसोबत खो-खो शिकले आणि पुढं आयुष्यभर तोच खेळले, तोच शिकवला. आता प्रताप नगरात राहते. आमचं घर ख्रिस्ती. नवरा शांतवन, बँकेतून रिटायर झालेला, आणि आमच्या मंडळीचा सचिव. मंडळी म्हणजे आमच्या चर्चमधले सगळे लोक, त्यांच्या कुरबुरींसकट. तरुण संघात आमची ओळख झाली, म्हणून मी त्याला नावानं हाक मारते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मला मणक्याचा टीबी झाला होता. आज मी खुर्चीत बसून हे लिहू शकते, एवढंच आत्ता सांगते.

मणक्याला खोकला येत नाही

पाठ बरेच महिने दुखत होती. खेळणाऱ्या बाईची पाठ, दुखणारच, असं सगळे म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी मी म्हणाले. संध्याकाळी अंग तापायचं, ते वयाच्या खात्यावर टाकलं. कपडे ढिले झाले तेव्हा तर मी खूश झाले. एक दिवस मैदानावर चुन्याची रेघ मारायला वाकले न, ती वाकलेलीच राहिले. पोरींना वाटलं मॅडम गंमत करून राहिल्या. त्या हसत होत्या आणि मला रडू येत होतं.

डॉक्टरीणबाई बारीक अंगाची आणि मोठ्या आवाजाची. एक्स-रेचा फोटो बघून म्हणाल्या, "टीबी आहे. मणक्यात."

मी म्हटलं, "पण मला खोकला नाही."

"मणक्याला खोकला येत नाही, मॅडम."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथं साध्या भाषेत लिहिते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. दोन मणके आतून पोखरले गेलेत. गोळ्या लांबपर्यंत चालतील, एकही चुकवायची नाही. आधी काही महिने पाठीवर पडून राहायचं, मग छातीपासून कमरेपर्यंतचा बेल्ट लावून बसायचं, मग बेल्ट लावूनच उभं राहायचं. "दुखणं लवकर थांबेल," त्या म्हणाल्या, "आणि तोच धोका आहे. दुखत नाही म्हणून बेल्टशिवाय उभ्या राहिलात आणि हाड दबलं, तर पाय जातील. गेलेले पाय परत येतीलच असं मी सांगू शकत नाही."

शांतवननं घसा खाकरला. "डॉक्टर, आम्ही प्रार्थना करणारे लोक आहोत."

"करा न. गोळ्या खाऊन करा."

बाहेर आल्यावर तो मोसंब्या घ्यायला गेला. इतक्या घेतल्या, जणू दवाखानाभर वाटायच्या होत्या. मी गाडीत मागच्या सीटवर आडवी पडून होते आणि त्याच्या मानेकडं बघत होते. मान ताठ धरली होती त्यानं.

लाटणं

दुसऱ्याच दिवशी भरती झाले, सुरुवातीला दवाखान्यातच ठेवलं. कुशीवर वळायची परवानगी नव्हती. दोन सिस्टर यायच्या, एक खांद्याला धरायची, एक कमरेला, आणि "एक, दोन, तीन" म्हणून मला लाटण्यासारखं फिरवायच्या. मी आयुष्यभर पोरांना एक-दोन-तीन म्हणत आले. आता दुसऱ्याच्या एक-दोन-तीनवर हलायचं होतं आणि त्याचा मला भयंकर राग यायचा.

गोळ्यांनी लघवी केशरी झाली. तोंडाची चव गेली. सकाळी गोळ्या, त्यानंतर मळमळ, मग तो कोमट चहा, मग डॉक्टरांची फेरी, आणि मग दिवसभर पंखा. त्या पंख्याच्या एका पात्यावर डाग होता. पंखा बंद केला की तो डाग कुठं थांबतो ते मी ओळखायला लागले. माणूस कशाकशात मन रमवतो, काय सांगू.

वॉर्डातल्या मावशीनं एक दिवस माझं डोकं धुऊन दिलं. खाली प्लास्टिक पसरलं, मान कॉटच्या कडेला आणली, बादली ठेवली आणि हळूहळू पाणी घातलं. "डोक्स धुतलं का बरं वाटते वं बाई," म्हणाली. तोवर किती लोकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. धुतलं कुणी नव्हतं. मी डोळे मिटून घेतले आणि कितीतरी दिवसांनी देवाला मनातल्या मनात थँक यू म्हटलं.

एरवी त्या दिवसांत मला प्रार्थना येत नव्हती. हे लिहायला मला लाज वाटत नाही. जे पडून आहेत त्यांनी हे वाचावं म्हणूनच लिहिते. मी फक्त विचारायची, काहून? काहून मी? ज्या बाईचं पोट धावण्यावर चालतं तिचीच पाठ काहून?

परिपक्व

घरी आणल्यावर भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. पुढच्या खोलीत लाकडी पलंग टाकला होता. येणारा माणूस दारातूनच, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीनं, "सलाम" म्हणायचा आणि मग आवाज खाली आणून शांतवनला विचारायचा, "लागत तर नाही न?" लागत नाही, मणक्यातला टीबी असा लागत नाही, हे शांतवन सांगायचा. तरी खुर्ची दाराकडं सरकायची.

महिला मंडळ आलं. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, मनात कुणाबद्दल कटुता तर नाही? कधी कधी तेच पाठीत बसतं. मी म्हटलं, आत्तापर्यंत नव्हती, आता व्हायला लागली आहे. जाताना त्या शांतवनला म्हणाल्या, "सरोजताई इतक्या परिपक्व विश्वासू, त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

परिपक्व! विश्वासू म्हणजे आमच्यात देवावर विश्वास ठेवणारा, ते ठीक, पण तो परिपक्व शब्द मला टोचत राहिला. म्हणजे पाठ मोडली तरी हसत राहायचं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला घरी जाताना बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं. मी रडले की विश्वास कमी, चिडले की कटुता, गप्प बसले की निराशेचा आत्मा. अरे, मग माणसानं करावं तरी काय!

शेजारच्या निर्मलाताईंचं बरं होतं. त्या भिवापूरच्या, शेतकरी घरच्या, देवळात जाणाऱ्या. त्यांना माझ्या परिपक्वतेशी काही घेणंदेणं नव्हतं. एक दिवस वाटी घेऊन आल्या.

"काहून वं सरोज, मोसंबी पिऊन पिऊन थकली नाही का तू? हे घे. गावची मिर्ची आहे, ठेचा केला. जिभेले लाव जरासा."

लावला. डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि चव आली. त्या दिवशी मी ज्वारीची अख्खी भाकर खाल्ली. निर्मलाताई पलंगाच्या कडेला बसून सुनेच्या तक्रारी सांगत होत्या. माझ्या पाठीबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. किती छान गेली ती दुपार.

पाळक साहेब आणि खेळ

आता आमचे पाळक साहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. तरुण पोरगा, नवीनच बदलून आलेला, मनानं चांगला. पण त्याला खेळाचे दाखले द्यायची फार हौस. ख्रिस्ती जीवन ही शर्यत आहे, देव कोच आहे, सैतान समोरची टीम आहे, प्रार्थना म्हणजे वॉर्म-अप. शास्त्रात, म्हणजे बायबलातही धावण्याचा दाखला आहे, ते खरं. पण ज्यानं तो दिला त्यानं धावणारी माणसं बघितली असावीत. आमचे पाळक साहेब कधी बसमागंसुद्धा धावले नसतील. त्या वर्षी त्यांनी ‘आध्यात्मिक फिटनेस’ नावाची उपदेशांची मालिकाच काढली होती, आणि दर रविवारी दुपारी शांतवन ती मला पलंगाशेजारी बसून सांगायचा.

एकदा साहेब घरी आले. म्हणाले, "सरोजताई, खरा खेळाडू कधी थांबत नाही."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, खो-खो कधी पाहिला का तुम्ही?"

"पाहिला आहे थोडा."

"मग सांगा, पाठलाग करणाऱ्या टीमचे किती लोक धावतात?"

मी सांगितलं. एकच धावतो. बाकीचे रांगेत आपापल्या चौकोनात उकिडवे बसलेले असतात, एकाचं तोंड इकडं तर दुसऱ्याचं तिकडं. पाठीमागं काय चाललंय ते दिसतसुद्धा नाही. आपल्याच टीमचा धावणारा मागून येतो, पाठीला हात लावतो, ‘खो’ म्हणतो, तेव्हा उठायचं. त्याच्या आधी नाही. नवीन पोरांना धावायला शिकवावं लागत नाही, साहेब. बसायला शिकवावं लागतं. प्रेक्षक ओरडतात "ऊठ, ऊठ", समोरून दुसऱ्या टीमची पळणारी पोरगी हाताच्या अंतरावरून जाते, आणि पोरगं खो न मिळताच उठतं. शिट्टी वाजते. फाउल. ती पळणारी निसटून जाते. मी कितीतरी मॅचेस अशा हरलेल्या पाहिल्यात, पाय मंद असल्यामुळं नाही, उठायच्या घाईमुळं.

मी खेळाबद्दल बोलत होते. चिडून बोलत होते. आणि साहेबांनी मोबाईल काढून टिपून घ्यायला सुरुवात केली.

"वा ताई! काय सुंदर दृष्टान्त दिला देवानं तुम्हाला!"

मी भिंतीकडं तोंड फिरवलं. तेवढी मान वळवायची परवानगी होती.

बॅनर

पुढं बसायची परवानगी मिळाली, बेल्ट लावून. मग बेल्ट लावून उभं राहायची, थोडा वेळ. दुखणं खरंच थांबलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नवीन फोटो काढला आणि म्हणाल्या, भरून येतंय, पण अजून कच्चं आहे, बेल्ट काढायचा नाही. शांतवन शेजारीच उभा होता. त्यानंही ऐकलं.

आमच्याकडं कापणीच्या सणाला लोक शेतातलं, घरातलं काहीबाही चर्चमध्ये आणतात, त्याची बोली लावतात, आणि त्याच दिवशी दुपारी मंडळीचे खेळ असतात. विवाहितांची एक टीम, अविवाहितांची एक. इतकी वर्षं तो खो-खो मीच खेळवत आले. त्या सणाच्या आठवडाभर आधी शांतवन घरी आला तो बूट न काढताच पलंगाशी उभा राहिला.

"सरोज, एक सांगायचं होतं."

मोबाईलवर बॅनरचा फोटो होता. माझा जुना फोटो, गळ्यात शिट्टी, आणि वर मोठ्या अक्षरांत: ‘उठा, देवानं खो दिला आहे!’ खाली लिहिलं होतं की भगिनी सरोज आपल्या पूर्ण आरोग्याची साक्ष देतील आणि सर्वांसमोर बेल्ट काढून खेळांचं उद्घाटन करतील.

मी दोनदा वाचलं. "हे कुणी ठरवलं?"

"साहेबांनी. कारभारी मंडळालाही आवडलं."

"आणि तू?"

"मी हो म्हटलं."

"माझ्या पाठीच्या वतीनं तू हो म्हटलं? काहून गा शांतवन? डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलं न तू? तिथंच उभा होता न?"

तो खुर्चीवर बसला. मग जे बोलला ते मी विसरणार नाही. "दर रविवारी विचारतात वं. बायको उठली का? उठली का? मी काय सांगू? प्रार्थनासभा मी लावून राहिलो, उपास मी सांगून राहिलो, अन् माझ्याच घरी पलंग. परवा एक जण तोंडावर म्हणाला, सचिव साहेब, तुमच्याच घरी कुठल्या पापानं अडलं असेल. मले नाही म्हणता आलं नाही."

"मग मी मोडून पडू का, तुझं अडलेलं सुटावं म्हणून?"

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलं."

मग पाच-सहा दिवस अबोला. तो तीन वेळा जेवण आणून द्यायचा, गोळ्या तळहातावर ठेवायचा, बेल्ट बांधून द्यायचा, आणि एक अक्षर नाही. बेल्टचे पट्टे त्याला अगदी बरोबर बांधता यायचे, ना सैल ना घट्ट. त्याच्या बोटांचाही मला राग येत होता. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तुम्ही दोघं मोठे आहात न?" मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार.

खरी गोष्ट ही, की त्या अबोल्यात माझ्या मनात दुसरंच काहीतरी शिजत होतं. दुखत तर नाही. पाय तर चांगले हलतात. मी आयुष्यभर विश्वास विश्वास म्हणते, मग एकदा देवावर भार टाकून उठून तर पाहावं. सगळ्यांची तोंडं तरी बंद होतील. अध्यक्षीणबाईंची आधी. मी हे कुणाला सांगितलं नाही.

सण

निर्मलाताईंच्या मुलाच्या गाडीतून मला चर्चला नेलं. पहिल्या बाकाशेजारी हातांची खुर्ची ठेवली होती. कुर्त्यावरून बेल्ट. शांतवन शेजारी बसला, कोट घालून. समोर भोपळे, तांदळाच्या पिशव्या, एक जिवंत कोंबडा, केळीचे घड. इतक्या दिवसांनी ते सगळं बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

गीत झालं, वाचन झालं. मग साहेबांनी मुलांना मधल्या वाटेत खो-खोसारखं बसवलं, एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं. साहेबांच्या गळ्यात शिट्टी होती. माझा दाखला त्यांनी छान सांगितला. बसणं, वाट बघणं, धीर, सगळं बरोबर. आणि मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "आणि आज आपल्या सरोजताईंना देवानं खो दिला आहे!"

टाळ्या.

"ज्यांचा विश्वास आहे की ताई आज उठतील, त्यांनी उभं राहावं."

बाकांचा आवाज झाला. सगळे उभे राहिले. मागच्या भिंतीपर्यंत सगळे. अध्यक्षीणबाई तर डोळे पुसत होत्या.

"आता आपण सगळे मिळून म्हणू या!"

आणि अख्खं चर्च ओरडलं, "खो!"

मी तुम्हाला काय सांगू त्या क्षणाचं. मला माहीत होतं. जगात दुसऱ्या कुणाला नसेल तेवढं मला माहीत होतं की खो प्रेक्षक देत नाहीत. पोरांना हे ओरडून ओरडून माझा घसा बसला आहे. तरी माझा हात बेल्टवर गेला. मला उठायचं होतं. मला त्या पलंगाचा, त्या पंख्याचा, त्या प्रार्थनांचा, सगळ्याचा वीट आला होता. मला वाटलं, उठते, काय व्हायचं ते होवो. मी वरचा पट्टा ओढला. त्याचा चर्र आवाज झाला. लोक परत ओरडले, "खो!"

माझ्या हातावर हात आला. शांतवनचा. मला वाटलं आधार देतोय उठायला. पण तो उभा नव्हता. तो बसून होता.

"राहू दे वं," तो म्हणाला.

"लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"तूच हो म्हटलं होतं."

"चुकलं माझं." त्यानं सुटलेला पट्टा परत जागेवर आणला आणि दाबून बसवला. ना सैल ना घट्ट. "म्हणू दे मले अविश्वासू. मले तू चालती पाहिजे. बस तू."

साहेब वरून बघत होते. "सचिव साहेब?" त्यांनी हळूच विचारलं. मंडळीचा सचिव, ज्याच्या घरासाठी सगळं चर्च उभं होतं, तो एकटा मोठा माणूस बसून होता. त्यानं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, हाड अजून कच्चं आहे. डॉक्टरनं नाही म्हटलं आहे. मी तुम्हाला हे सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही."

अख्ख्या चर्चमध्ये तेव्हा आम्ही दोघं आणि मधल्या वाटेतली ती पोरं, एवढेच बसलेले होतो. कोंबडा ओरडला. साहेबांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. "मंडळीनं बसून घ्यावं," म्हणाले.

शांतवनला खो-खोत किती खेळाडू असतात हेही धड सांगता येत नाही. आमच्या लग्नानंतर त्यानं माझी एकही मॅच शेवटपर्यंत पाहिलेली नाही. नियम मला येत होते, बसला तो. आजारपणात मला शहाणपण आलं असं कुणी म्हटलं, तर मी एवढंच सांगते की ते माझ्या शेजारच्या बाकावर बसलेलं मी पाहिलं, आणि त्याच्यावर मी आठवडाभर रुसलेली होते.

त्यानंतर

बोलणारे बोलले. सचिवाचाच विश्वास डळमळला तर मंडळीचं काय, असं कारभारी मंडळाच्या सभेत निघालं. शांतवननं वाद घातला नाही, पद सोडून घरी आला. मला म्हणाला, "आता रविवारी दुपार मोकळी." त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. मी त्याच्यासाठी पलंगावर बसून, बेल्ट लावून, भाजी निवडली. माझ्याकडून तेवढंच झालं.

साहेब एक दिवस एकटे आले. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले, दाखला एकही नाही. मग म्हणाले, "ताई, त्या दिवशी तुम्ही उठला असता तर?" त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्यावर ओरडवेना. मी म्हटलं, "साहेब, मला बरं होऊ द्या. मग मैदानात या, चौकोनात बसवते तुम्हाला." ते हसले आणि मग रडले. पोरगाच आहे अजून. निर्मलाताईंनी त्यांनाही ठेचा वाढला, ते फार झणझणीत म्हणाले, तरी खाल्ला.

गोळ्या चालूच होत्या. कंटाळा येऊन मला दोनदा त्या फेकाव्याशा वाटल्या. दोन्ही वेळा शांतवन पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहिला आणि मी गिळेपर्यंत हलला नाही. भांडलो आम्ही, खूप भांडलो. त्याला मी जेलर म्हटलं. त्यानं मला आडमुठी म्हटलं. जे पडून आहेत त्यांच्या घरी हे होणार. होऊ द्या, पण गोळी चुकवू नका.

मग एका साध्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला, माझ्या पाठीवरून मागून हात फिरवला, एकेक मणका दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "भरलं. काढा बेल्ट."

"आत्ता?"

"मग कधी? काढा न, मॅडम."

काढला. अंग इतकं हलकं वाटलं की भीती वाटली. मी तपासायच्या पलंगाची कड धरली, मग सोडली. पाय होते. दोन्ही. मी दारापर्यंत गेले आणि दार उघडलं.

बाहेर बाकावर शांतवन बसला होता, माझी चप्पल मांडीवर घेऊन. आजूबाजूला पेशंट, त्यांचे नातेवाईक, एक रडणारं लेकरू. त्यानं मान वर केली. माझ्या कमरेकडं पाहिलं, मग पायांकडं, मग तोंडाकडं.

आणि तो उभा राहिला.